अल्पसाक्षर लाभार्थींसाठी आहारविषयक प्रश्नावली : रचनेची तत्त्वे आणि पद्धती

सारांश

पोषण कार्यक्रमाचे मूल्यमापन लाभार्थींच्या आहाराविषयी मिळालेल्या माहितीवर अवलंबून असते. ही माहिती गोळा करणारी प्रश्नावली शालेय शिक्षण गृहीत धरून रचलेली असेल, तर ती आहाराऐवजी उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे शिक्षणच मोजू लागते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अंगणवाडी कार्यक्रमांच्या संदर्भात, अल्पसाक्षर स्त्रियांसाठी आहारविषयक प्रश्नावली रचताना शब्द, स्मरण, प्रमाण, चित्रे आणि मुलाखतीची परिस्थिती यांचा विचार कसा करावा, याची चर्चा केली आहे.

कळीचे शब्द : आहार सर्वेक्षण, प्रश्नावली, अल्पसाक्षरता, अंगणवाडी, आहारवैविध्य.

१. प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ७६ टक्के, तर अनुसूचित जमातींतील स्त्रियांमध्ये सुमारे ५७ टक्के होते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती जनगणनेच्या दृष्टीने साक्षर ठरते. छापील तक्ता समजून घेऊन त्यातील योग्य रकाना निवडणे, एखाद्या गोष्टीची आठवड्याची सरासरी काढणे, ‘नेहमी’ आणि ‘बहुधा’ यांतील फरक ओळखणे ही कौशल्ये या व्याख्येत येत नाहीत. साक्षर म्हणून नोंद झालेल्या अनेक स्त्रियांनाही छापील प्रश्नावली परकी वाटते, त्याचे कारण हे आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळणे हा हक्क ठरला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रांतील गरोदर व स्तनदा मातांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तीत दिवसातून एक वेळचे गरम व पूर्ण जेवण देण्याची तरतूद आहे. २०१८ मध्ये पोषण अभियानास आरंभ झाला. तरीही २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते.

अशा परिस्थितीत लाभार्थी स्त्री प्रत्यक्ष काय खाते, हा प्रश्न धोरणाच्या दृष्टीने कळीचा ठरतो. अंगणवाडीतील जेवण तिच्या घरच्या जेवणात भर घालते, की त्याची जागा घेते? घरी नेण्यासाठी मिळालेले पाकीट ती स्वतः खाते, की घरातील सर्वांत वाटले जाते? हे रक्ताच्या तपासणीतून वा वजनाच्या नोंदीतून कळत नाही. ते विचारूनच जाणून घ्यावे लागते. गृहविज्ञान, समाजकार्य, अर्थशास्त्र व ग्रामविकास या विषयांच्या विद्यार्थ्यांकडून दरवर्षी अशी विचारणा होत असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांतही आहाराची सर्वेक्षणे घेतली जातात. यांतील कित्येक प्रश्नावल्या इंग्रजीतून भाषांतरित केलेल्या आणि उत्तर देणाऱ्या व्यक्तीला वाचनाचा सराव आहे असे गृहीत धरणाऱ्या असतात. त्यांतून निघणारा ‘माता आहाराबाबत अनभिज्ञ आहेत’ हा निष्कर्ष कितपत मातांविषयीचा असतो आणि कितपत प्रश्नावलीविषयीचा, हे तपासणे आवश्यक आहे.

२. उत्तर घडण्याचे चार टप्पे

सर्वेक्षणातील कोणतेही उत्तर चार टप्प्यांतून जाते, अशी मांडणी रॉजर टूरँजो या अभ्यासकाने १९८४ मध्ये केली. प्रथम प्रश्न समजावा लागतो. मग संबंधित गोष्टी आठवाव्या लागतात. आठवलेल्या गोष्टींवरून निर्णय करावा लागतो. आणि शेवटी तो निर्णय समोर ठेवलेल्या पर्यायांत बसवून सांगावा लागतो.

अल्पसाक्षरतेचा परिणाम या चारही टप्प्यांवर सारखा होत नाही. आठवण्याच्या टप्प्यावर निरक्षर स्त्री कमी पडते, असे मानण्यास आधार नाही. घरचा स्वयंपाक तिनेच केलेला असतो. डाळ किती शिजवली, पीठ किती मळले, भाजी कोठून आणली हे तिला ठाऊक असते. अडचण येते ती समजणे, निर्णय करणे व पर्यायात बसवणे या टप्प्यांवर. ‘आपण आठवड्यातून सरासरी किती वेळा हिरव्या पालेभाज्यांचे सेवन करता?’ या एका प्रश्नात अपरिचित शब्दयोजना आहे, वर्गीकरण आहे, सरासरीचे गणित आहे, आणि त्यानंतर ‘१-२ वेळा, ३-४ वेळा, ५-६ वेळा’ अशा रकान्यांतून निवड करण्याची अपेक्षा आहे. यातील केवळ एक भाग आहाराचा आहे. उरलेले सर्व शाळेत शिकलेल्या कौशल्यांचे आहे.

यावरून रचनेचे मूलभूत तत्त्व हाती येते. जे उत्तर देणाऱ्या स्त्रीला ठाऊक आहे तेवढेच तिला विचारावे. वर्गीकरण, बेरीज, सरासरी व अन्नघटकांत रूपांतर ही कामे प्रश्नावलीने आणि ती राबवणाऱ्या संशोधकाने आपल्याकडे घ्यावीत. पुढील विवेचन या तत्त्वाचाच विस्तार आहे.

३. शब्दांची निवड

प्रश्नावलीची भाषा सोपी करणे म्हणजे अवघड संस्कृत शब्दाऐवजी छोटा शब्द योजणे, अशी एक समजूत आहे. इंग्रजीत वाक्याची लांबी व शब्दांतील अवयवसंख्या यांवरून वाचनसुलभता मोजणारी सूत्रे १९४० च्या दशकापासून वापरात आहेत. मात्र ती इंग्रजीच्या घडणीवर बेतलेली असल्याने मराठीस जशीच्या तशी लागू होत नाहीत. शिवाय प्रश्न वाचून दाखवला जाणार असेल, तर तो डोळ्यांना सोपा असण्यापेक्षा कानांना स्पष्ट असणे महत्त्वाचे. ‘प्रथिने’, ‘लोह’, ‘द्विदल धान्ये’, ‘दुग्धजन्य पदार्थ’ हे शब्द टाळणे तुलनेने सोपे आहे. खरी अडचण येते ती सोप्या वाटणाऱ्या, रोजच्या शब्दांमुळे.

याचे उत्तम उदाहरण ‘भाजी’ हा शब्द होय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या ‘स्त्रियांचे किमान आहारवैविध्य’ या निर्देशकात अन्नाचे दहा गट केले आहेत : तृणधान्ये व कंदमुळे, कडधान्ये व डाळी, कवचफळे व तेलबिया, दूध व दुधाचे पदार्थ, मांस व मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, ‘अ’ जीवनसत्त्वयुक्त इतर फळे व भाज्या, इतर भाज्या, आणि इतर फळे. यांपैकी किमान पाच गट आदल्या दिवशी व रात्री खाल्ले असल्यास ते वैविध्य किमान समाधानकारक मानतात. आता महाराष्ट्रातील घरात भाकरीबरोबर जे शिजते त्याकडे पाहू. बटाट्याची भाजी पहिल्या गटात जाते, मटकीची भाजी दुसऱ्या, मटणाची भाजी पाचव्या, अंड्याची भाजी सहाव्या, मेथीची भाजी सातव्या, लाल भोपळ्याची भाजी आठव्या आणि वांग्याची भाजी नवव्या गटात. म्हणजे ‘काल भाजी खाल्ली का?’ या प्रश्नाला मिळालेला होकार सात वेगवेगळ्या गटांपैकी कोणत्याही एकाचा असू शकतो.

उलट बाजूने पाहिल्यास, ‘काल भाजी नव्हती, नुसती चटणी-भाकरी खाल्ली’ असे सांगणाऱ्या स्त्रीने शेंगदाण्याची, कारळ्याची वा जवसाची चटणी खाल्लेली असेल आणि ती पंधरा ग्रॅमहून कमी नसेल, तर तिच्या आहारात तेलबियांचा गट आलेला असतो. तिच्या दृष्टीने तो दिवस कमतरतेचा आहे. निर्देशकाच्या दृष्टीने मात्र एक गट भरलेला आहे. पिठले किंवा झुणका हा डाळीचा पदार्थ आहे, हेही नोंद करणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते; ते वर्गीकरण सांगणारीवर सोपवायचे नसते. चहातील चमचाभर दूध मात्र दुधाच्या गटात धरले जात नाही.

‘उपवास’ या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. ‘काल उपवास होता, काही खाल्ले नाही’ या उत्तरामागे भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटा, केळी, दूध असा बराच आहार दडलेला असतो. ‘जेवण’ म्हटले की न्याहारी, चहाबरोबरची खारी, शेतात खुडून खाल्लेली बोरे वा काकडी वगळली जाते. म्हणून ‘काय जेवलात?’ यानंतर ‘मध्ये काही तोंडात टाकले का?’ हा स्वतंत्र प्रश्न असावा लागतो.

मराठीतील सर्वनामे हा आणखी एक बारकावा. आदरार्थी ‘आपण’ हे ‘आम्ही-तुम्ही मिळून’ या अर्थानेही वापरले जाते. ‘तुम्ही’ हे आदरार्थी एकवचनही आहे आणि अनेकवचनही. ‘तुम्ही काल काय खाल्ले?’ हा प्रश्न घरच्या कर्त्या बाईला विचारला, तर तो साऱ्या घराविषयी आहे असे समजून ती चुलीवर काय शिजले ते सांगते. घरात अंडी शिजली, पण ती मुलांनी व पुरुषांनी खाल्ली, ही वस्तुस्थिती अशा उत्तरात बुडून जाते. ‘ताई, तुमच्या स्वतःच्या ताटात काय काय होते?’ अशी रचना केल्यास हा संदेह राहत नाही.

स्थानिक नावांचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. कोकणात ज्याला टाकळा म्हणतात तोच विदर्भात तरोटा होय. नाशिक व धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात नाचणीला नागली म्हणतात. पावसाळ्यात रानातून आणलेल्या भाज्यांना किंमत मोजावी लागत नसल्याने आणि ‘गरिबाचे खाणे’ म्हणून त्या गणल्या जात असल्याने, त्यांचा उल्लेख आपणहून होईलच असे नाही. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, तर गडचिरोलीतील माडिया ही द्राविड कुळातील. तेथे मराठी प्रश्न सोपा करून भागत नाही. तो त्या भाषेत नव्यानेच घडवावा लागतो. असे भाषांतर लिखित स्वरूपाऐवजी बोलून ध्वनिमुद्रित करून घेतल्यास आणि दुसऱ्या जाणकाराकडून ते पुन्हा मराठीत सांगवून घेतल्यास चुका लवकर लक्षात येतात.

४. स्मरणाला आधार

आहार सर्वेक्षणात दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. चोवीस तासांच्या स्मरणपद्धतीत आदल्या दिवशीचा संपूर्ण आहार विचारला जातो. वारंवारता पद्धतीत पदार्थांची यादी देऊन प्रत्येक पदार्थ महिन्यातून वा आठवड्यातून किती वेळा खाल्ला जातो, हे विचारतात. दुसरी पद्धत कमी खर्चाची असली, तरी तिच्यात सरासरीचे सर्व गणित उत्तर देणाऱ्यावर पडते. हंगामानुसार आहार पालटणाऱ्या कुटुंबात ‘साधारणपणे’ या शब्दाला फारसा अर्थही उरत नाही. अल्पसाक्षर समूहासाठी ‘काल’ हा कालावधी अधिक विश्वासार्ह ठरतो. भारतात १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण मंडळाने ग्रामीण आहार पाहण्यांत चोवीस तासांची स्मरणपद्धती प्रमाणित वाट्यांच्या साहाय्याने वापरली होती.

स्मरणाला आधार देण्यासाठी घड्याळाची वेळ विचारण्यापेक्षा कामांचा क्रम वापरणे सोयीचे. ‘काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत’ अशी मर्यादा सांगून पाणी भरणे, शेतावर जाणे, दुपारची शिदोरी सोडणे, सरपण आणणे, संध्याकाळचा स्वयंपाक, या क्रमाने दिवस उलगडत नेता येतो. पहिल्या फेरीत स्त्री आपणहून सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे. दुसऱ्या फेरीत विसरले जाणारे पदार्थ आठवून द्यावेत : चहा, ताक, चटणी, लोणचे, रानमेवा, दुसऱ्याच्या घरी खाल्लेले, अंगणवाडीत खाल्लेले. तिसऱ्या फेरीत प्रत्येक पदार्थ कोठे, कशाचा व किती हे विचारावे, आणि शेवटी सर्व तिला पुन्हा सांगून ‘यात काही राहिले का?’ असे विचारावे. अनेक फेऱ्यांची ही पद्धत मूळ अमेरिकेतील कृषी खात्याच्या पाच टप्प्यांच्या मुलाखतीवर आधारित आहे. तिचे तत्त्व कोठेही लागू पडते.

रोझलिंड गिब्सन व इलेन फर्ग्युसन यांनी विकसनशील देशांतील ग्रामीण समूहांसाठी विकसित केलेली परस्परसंवादी स्मरणपद्धतीही येथे उल्लेखनीय आहे. मलावीतील ग्रामीण स्त्रियांच्या अभ्यासात तिचा वापर झाला आणि १९९९ मध्ये तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. या पद्धतीत नियोजित दिवसाच्या आधी सहभागी स्त्रियांना एकत्र बोलावून मापांची ओळख करून देतात, एक ताट व वाटी देतात, आणि पदार्थांची चित्रे असलेला तक्ता देऊन पदार्थ खाल्ला की त्या चित्रावर खूण करण्यास सांगतात. दुसऱ्या दिवशी मुलाखतीत सांगितलेले पदार्थ व तक्त्यावरील खुणा यांची तुलना होते. उत्तर देणाऱ्या व्यक्तीला परीक्षार्थी न मानता पूर्वतयारी केलेली भागीदार मानणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

एका दिवसाच्या माहितीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. अशा माहितीवरून समूहाच्या आहाराविषयी विधान करता येते. एका विशिष्ट स्त्रीचा नेहमीचा आहार कळत नाही. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सर्व मुलाखती घेतल्यास आहार आहे त्याहून समृद्ध दिसेल. श्रावणात घेतल्यास मांसाहार जवळजवळ दिसणारच नाही. म्हणून मुलाखती आठवड्याच्या सर्व वारांत विभागणे, काही स्त्रियांची मुलाखत वेगळ्या दिवशी पुन्हा घेणे आणि शक्य असल्यास दोन ऋतूंत नोंदी करणे इष्ट ठरते. आहारवैविध्याच्या निर्देशकावरून एखाद्या मातेवर ‘अपुरा आहार घेणारी’ असा शिक्का मारणे हे त्या निर्देशकाच्या हेतूशी विसंगत आहे.

५. प्रमाण व वारंवारता

ग्रॅम, मिलिलिटर ही मापे स्वयंपाकघरात वापरली जात नाहीत. पण तेथे मापेच नसतात असे नाही. चिमूट, मूठ, पसा, पळी, ओगराळे, वाटी ही मापे रोजच्या व्यवहारात आहेत. भाकरीसाठी अर्धी, चतकोर असे नेमके शब्द आहेत. प्रश्नावलीने ही मापे स्वीकारावीत आणि त्यांचे ग्रॅममध्ये रूपांतर संशोधकाने करावे.

त्यासाठी सोपी पद्धत म्हणजे त्या स्त्रीचेच भांडे वापरणे. तिने काल जेवढी आमटी घेतली तेवढे पाणी तिच्याच वाटीत ओतण्यास सांगून ते मोजपात्राने मोजता येते. भातासाठी शिजवलेला भात किंवा कोरडे तांदूळ वापरता येतात. भाकरीची जाडी व व्यास घराघरांत वेगळा असल्याने ‘दोन भाकऱ्या’ ही नोंद अपुरी आहे. एका भाकरीला लागणारे पीठ तिच्याकडून काढून घेऊन तोलणे अधिक अचूक. मिळालेल्या प्रमाणावरून अन्नघटक काढण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले ५२८ पदार्थांचे अन्नघटक तक्ते उपलब्ध आहेत. मात्र ते मुख्यतः कच्च्या पदार्थांचे असल्याने शिजवलेल्या पदार्थाची स्थानिक कृती नोंदवून घ्यावी लागते. पातळ आमटी आणि घट्ट वरण यांची एकेक वाटी सारखी नसते.

वारंवारता विचारणे अपरिहार्य असेल, तेव्हा पर्याय थोडे व ठळकपणे वेगळे असावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ‘दररोज, आठवड्यातून, अधूनमधून, कधीच नाही’ असे चारच पर्याय होते. याहून बारीक भेद हवा असल्यास चिंचोक्यांचा वापर करता येतो. सात चिंचोके समोर ठेवून, ‘गेल्या बाजारापासून या बाजारापर्यंत जितक्या दिवशी डाळ खाल्ली तितके बाजूला काढा’ असे सांगितल्यास मोजणी डोळ्यांसमोर होते आणि चूक वाटल्यास ती स्त्री स्वतःच एखादा चिंचोका मागे ठेवू शकते. ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ या प्रकारची पाच पायऱ्यांची मोजपट्टी मात्र टाळावी. तिच्या जागी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे ठेवल्याने अडचण सुटत नाही, कारण पायऱ्यांची कल्पनाच अपरिचित असते.

होय-नाही स्वरूपाचे प्रश्न सर्वांत सोपे. ‘आहार गुणवत्ता प्रश्नावली’ या आंतरराष्ट्रीय साधनात असे २९ प्रश्न आहेत आणि प्रत्येक गटातील त्या-त्या देशात प्रत्यक्ष खाल्ल्या जाणाऱ्या प्रमुख पदार्थांची नावेच प्रश्नात गुंफलेली असतात. मात्र यादी वाचून दाखवण्याच्या पद्धतीत ‘हो’ म्हणण्याकडे कल वाढतो आणि आहार प्रत्यक्षाहून अधिक विविध दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे होकारानंतर ‘कुठली?’ आणि ‘कधी?’ असे दोन लहान उपप्रश्न जोडणे. ‘काल दिवसा किंवा रात्री मेथी, शेपू, तांदुळजा, शेवग्याचा पाला किंवा रानातली एखादी पालेभाजी खाल्ली का? कुठली? कधी?’ ही रचना आरंभी दिलेल्या ‘सेवन’ व ‘सरासरी’ यांच्या प्रश्नाशी ताडून पाहावी. नव्या प्रश्नात शब्द अधिक आहेत, पण उत्तर देणारीवरचा भार कमी आहे.

६. चित्रांचा उपयोग व मर्यादा

अमेरिकेत १९६९ मध्ये अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी ‘विस्तारित अन्न व पोषण शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. अशा कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी कॅलिफोर्नियात मर्लिन टाउनसेंड व सहकाऱ्यांनी आहारवर्तनाची एक लहान पडताळा-सूची तयार केली आणि पुढे तिच्यातील मजकूर कमी करून रंगीत छायाचित्रे घातली. तेथे ही सूची सहभागी व्यक्ती स्वतः भरते. चित्रे वाचनाला मदत करतात. महाराष्ट्रातील खेड्यात प्रश्न विचारणारी व्यक्ती समोर असते आणि चित्राला मजकुराचा आधार नसतो. त्यामुळे तेथील यश येथे गृहीत धरता येत नाही.

चित्र वाचणे हेही शिकावे लागते. नेपाळमध्ये १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रसंवादाच्या अभ्यासात असे दिसले की, पार्श्वभूमीने भरलेल्या छायाचित्रांपेक्षा पार्श्वभूमी काढून टाकलेली चित्रे ग्रामीण लोकांना अधिक ओळखता येतात, आणि अतिसुलभ केलेल्या सांकेतिक आकृत्या सर्वांत कमी ओळखता येतात. फुलीचा अर्थ ‘नाही’, बाणाचा अर्थ ‘नंतर’, डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो, हे सारे संकेत छापील जगातले आहेत. चित्रातील वाटी खऱ्या वाटीहून लहान असेल, तर प्रमाणाचा अंदाज चुकतो. शिजलेली मेथी व शिजलेला पालक चित्रात सारखेच दिसतात; त्याऐवजी कच्च्या जुडीचे चित्र किंवा प्रत्यक्ष पाने दाखवणे उपयुक्त. जेथे खरी वस्तू नेता येते, तेथे चित्राची गरज नसते. चित्र पदार्थाची आठवण करून देण्यासाठी वापरावे. प्रमाण ठरवण्यासाठी वस्तू वापरावी.

७. विचारणारी व्यक्ती आणि विचारण्याची जागा

प्रश्न कितीही नेमका असला, तरी तो कोण विचारते यावर उत्तर अवलंबून असते. अंगणवाडी सेविका गावाला परिचित असते, भाषा जाणते. पण आहार वाटणारीही तीच असते. तिने ‘पाकीट तुम्हीच खाता ना?’ असे विचारले, तर ‘हो’ याखेरीज उत्तर मिळणे कठीण. येथे प्रश्नाच्या शेवटचा ‘ना’ हाच उत्तर सुचवतो. ‘मागच्या वेळी मिळालेले पाकीट घरात कोणी कोणी खाल्ले?’ या प्रश्नात वाटून खाणे हा दोष ठरत नाही, म्हणून खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. शक्य असल्यास मूल्यमापनाची मुलाखत आहार वितरणाशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावी.

सासू, पती वा शेजारी समोर असताना, ‘तुम्हाला पोटभर मिळाले का?’ याचे उत्तर मोकळेपणाने देता येत नाही. स्वयंपाकघरात, भांडी जवळ असताना आणि एकान्तात मुलाखत झाल्यास स्मरण व मोकळेपणा दोन्ही साधतात. वयाप्रमाणे ताई, वहिनी, मावशी असे संबोधन वापरावे आणि उत्तरावर ‘छान’, ‘अरेरे’ अशी प्रतिक्रिया देऊ नये. संमती घेताना कागद वाचून अंगठा घेणे पुरेसे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, सहभागी व्यक्ती निरक्षर असल्यास निःपक्ष साक्षर साक्षीदाराची उपस्थिती अपेक्षित आहे. उत्तर न दिल्याने आहार बंद होणार नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगावे.

८. प्रश्नावलीची पारख

प्रश्नावली तयार झाल्यावर ती तज्ज्ञांना दाखवण्याचा प्रघात आहे. तो योग्य असला, तरी अपुरा आहे. पहिली पारख ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांच्याकडूनच व्हावी. पाच ते दहा स्त्रियांना प्रत्येक प्रश्न विचारून, ‘मी काय विचारले, ते तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आले?’ असे विचारल्यास गैरसमज उघड होतात. त्यांनी वापरलेले शब्द प्रश्नात घेऊन, दुरुस्त केलेला प्रश्न दुसऱ्या पाच-दहा स्त्रियांना पुन्हा विचारावा. नवे गैरसमज आढळेनासे होईपर्यंत ही प्रक्रिया चालू ठेवावी.

त्यानंतर तीन तपासण्या उपयुक्त ठरतात. दोन वेगळ्या मुलाखतकारांनी एकाच स्त्रीची घेतलेली नोंद जुळते का. ठरावीक अंतराने तेच न बदलणारे प्रश्न विचारल्यास उत्तर टिकते का. आणि थोड्या घरांत दिवसभर बसून प्रत्यक्ष तोललेल्या आहाराशी दुसऱ्या दिवशीच्या स्मरणाचा मेळ बसतो का. यांतील तिसरी तपासणी कष्टाची असली, तरी तिला पर्याय नाही. शालेय शिक्षण घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा मेळ वेगवेगळा पाहावा. न शिकलेल्या स्त्रियांत तफावत मोठी निघाली, तर दोष प्रश्नावलीकडे असल्याचा तो संकेत मानावा, आणि शिक्षण व आहार यांच्या संबंधाविषयीचा कोणताही निष्कर्ष तोवर राखून ठेवावा.

९. समारोप

अमृत आहारासारख्या योजनेतील एका जेवणाने मातेच्या आहारात किती भर पडली, हे ठरवताना ‘अंगणवाडीत जेवण मिळते का?’ या प्रश्नाचा उपयोग होत नाही. दिवसभरात कोठे, काय व किती खाल्ले याची उलगडत नेलेली नोंदच ते सांगू शकते. अशा नोंदीवरून योजना चालू ठेवणे, बदलणे वा वाढवणे याचे निर्णय व्हायचे असल्याने प्रश्नावलीतील चूक ही केवळ संशोधनपद्धतीची त्रुटी राहत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर या दिशेने काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पदव्युत्तर प्रकल्पांत भाषांतरित प्रश्नावली स्वीकारण्यापूर्वी स्थानिक पारखीची नोंद आवश्यक करावी. महाविद्यालयाच्या परिसरातील पदार्थ, रानभाज्या व मापे यांचा शब्दसंग्रह मराठी व गृहविज्ञान या विभागांनी मिळून तयार करावा आणि दरवर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्यात भर घालावी. अहवालात प्रश्न जसा विचारला गेला तसाच, बोलीतील शब्दांसह, छापावा. असे झाल्यास ‘माहीत नाही’ या रकान्यात जमा होणाऱ्या उत्तरांपैकी किती उत्तरे स्त्रियांना खरोखरच माहीत नव्हती आणि किती त्यांना नीट विचारलीच गेली नव्हती, हे वाचकालाही तपासता येईल.